वलयावरचा क्लोरीन

विसाव्या शतकाच्या मध्यास ज्यांचे बालपण महाराष्ट्राच्या खेड्यांतून गेले, त्यांना वर्षातून एकदोनदा गावात शिरणारी मलेरिया खात्याची टोळी, त्या माणसांच्या हातांतले पंप, घाईघाईने अंगणात काढून ठेवलेली हंडेभांडी नि धान्याची पोती, आणि फवारणी उरकल्यावर दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने घातलेली तारीख व तिच्या जोडीची 'डी.डी.टी.' ही अक्षरे, हे सारे दृश्य अजून आठवत असेल. भिंत वाळली की तिच्यावर पांढुरकी बुरशी चढल्यासारखा एक पातळ थर दिसू लागे. त्या थरावर टेकलेला डास मरे यात नवल नव्हते. डास मारणारी द्रव्ये त्यापूर्वीही माणसाला ठाऊक होती. परंतु पायरेथ्रमच्या फुलांचा अर्क उजेडात थोड्याच वेळात निःसत्त्व होई, आणि हा थर मात्र भिंत पुन्हा सारवली नाही तर महिनेच्या महिने आपले काम करीत राही. खात्याची माणसे सारवू नका म्हणून बजावून जात, आणि घरची माणसे दसरा-दिवाळी आली की हटकून सारवीत. त्या काळच्या फवारणीच्या अपयशाचा एक मोठा भाग या सारवणातच दडलेला आहे.

हे टिकाऊपण कोठून आले, याचा शोध घेत मागे जाऊ लागले म्हणजे आपण भिंतीवरून, डासावरून आणि खात्यावरूनही दूर जातो, आणि शेवटी एका अत्यंत साध्या प्रश्नापाशी येऊन थांबतो: बेंझीनच्या वलयाला चिकटलेला क्लोरीन सुटतो कसा, आणि सुटत का नाही? डी.डी.टी.च्या रेणूत क्लोरीनचे पाच अणू असतात. त्यांपैकी तीन एकाच कार्बनवर घोसाने लटकलेले, आणि उरलेले दोन, दोन बेंझीन वलयांच्या टोकांना एकेक असे जडवलेले. या दोन अणूंसारख्या अणूंशी माणसाने दीडशे वर्षे जो व्यवहार केला, कधी त्यांना सोडवण्यासाठी आगीचा आणि दाबाचा मारा केला, कधी त्यांच्या न सुटण्यावरच आपले सारे गणित बसवले, त्या व्यवहाराचा इतिहास रंगाच्या, औषधाच्या आणि युद्धसामग्रीच्या कारखान्यांच्या दप्तरांतून विखुरलेला आहे, आणि तो एकत्र सांगण्याजोगा आहे असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

बेंझीन प्रथम हाती आले ते १८२५ साली, लंडनमध्ये, मायकेल फॅरडेच्या. तेलापासून काढलेला दिव्यांचा वायू नळकांड्यांत दाबून भरला की तळाशी जो पातळ द्रव साचे, तो तपासताना त्याला हे नवे द्रव्य सापडले. त्याच वर्षी त्याने बेंझीनमध्ये क्लोरीन सोडून ते मिश्रण उन्हात ठेवले, तेव्हा एक स्थायू पदार्थ तयार झाला. शतकाहून अधिक काळाने तोच पदार्थ, त्याच्यातील एका विशिष्ट रूपाचे कीटकनाशक गुण उमगल्यावर, आमच्या शेतकऱ्यांच्या घरी गॅमेक्सीन या नावाने पोचला. परंतु उन्हात घडलेल्या त्या क्रियेत क्लोरीन वलयावर नुसता लादला जातो, आणि त्याच्या भाराने वलयाचे ते विशिष्ट स्थैर्य, ज्याला आपण अ‍ॅरोमॅटिकपणा म्हणतो, नाहीसे होते. तेच बेंझीन आणि तोच क्लोरीन अंधारात, लोखंडाच्या किसाच्या सान्निध्यात एकत्र आणले, तर काही निराळेच घडते: वलय आपले स्थैर्य सोडीत नाही, आपला एक हायड्रोजन तेवढा सोडून देते आणि त्याच्या जागी क्लोरीनला घेते. असे क्लोरोबेंझीन तयार होते, आणि सुटलेला हायड्रोजन दुसऱ्या क्लोरीनशी जोडला जाऊन हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. क्लोरोबेंझीनचे वर्णन १८५१ पासून आढळते. परंतु वलय म्हणजे काय हे केकुले याने १८६५ साली सुचवीपर्यंत, त्यात क्लोरीन नेमका कोठे नि कसा बसला आहे याविषयी बोलणेच शक्य नव्हते.

त्या काळच्या रसायनज्ञाला क्लोरीन हा एक सोयीचा मध्यस्थ म्हणून परिचित होता. मद्यार्कापासून निघालेल्या एथिल क्लोराइडसारख्या संयुगावर कॉस्टिक सोड्याचा प्रयोग केला की क्लोरीन निमूटपणे निघून जाई आणि त्याची रिकामी जागा आपल्याला हवा तो गट घेई. हाच न्याय बेंझीनला लावून पाहणाऱ्याच्या पदरी मात्र निराशा येई, कारण क्लोरोबेंझीन कॉस्टिकच्या पाण्यात दिवसचे दिवस उकळले तरी ते होते तसेच राही. सिल्व्हर नायट्रेटचा द्राव टाकल्यावर सुट्या क्लोरीनची साक्ष देणारा पांढरा साका एरवी लगेच खाली बसतो. येथे द्राव स्वच्छच्या स्वच्छ.

या हट्टामागची कारणे पुढे हळूहळू उलगडली, आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. क्लोरीनजवळ स्वतःच्या मालकीची जी इलेक्ट्रॉनांची जोडी असते, तिचा काही अंश तो वलयाच्या इलेक्ट्रॉन-मेघात वाटून टाकतो, आणि त्यामुळे कार्बन-क्लोरीन बंधाला एकेरी बंधापेक्षा थोडी अधिक बळकटी येते व त्याची लांबीही घटते. वलयातील कार्बन आपले इलेक्ट्रॉन अधिक घट्ट धरून ठेवणारा असल्यामुळे तो बंध मुळातच आखूड असतो. साध्या संयुगात आक्रमक अणू क्लोरीनच्या नेमक्या विरुद्ध बाजूने येऊन कार्बनला धडकतो आणि क्लोरीनला पुढे ढकलून देतो. येथे ती मागची बाजू वलयाच्याच पोटात असल्याने वाट बंद आहे. आणि क्लोरीनने आपण होऊन इलेक्ट्रॉनांसह निघून जावे म्हटले, तर मागे जो धनभारित वलय-कार्बन उरेल तो इतका अस्थिर, की ती वाटचाल जवळजवळ अशक्यच. सर्व वेशींवर असा पहारा असलेला किल्ला घ्यायचा म्हणजे एक तर तोफांचा भडिमार हवा, नाही तर आतून फितुरी. आणि रसायनज्ञांनी पुढील पन्नास वर्षांत दोन्ही उपाय योजून पाहिले.

भडिमाराची गोष्ट कार्बॉलिक आम्लाच्या व्यापाराशी निगडित आहे. १८६७ साली जोसेफ लिस्टरने जखमा धुण्यासाठी कार्बॉलिकचा प्रचार केला तेव्हापासून या द्रव्याला, म्हणजेच फिनॉलला, बाजारपेठ लाभली. परंतु त्याचा सारा पुरवठा दगडी कोळशाच्या डांबरातून होई, आणि डांबराचा पुरवठा कोकच्या भट्ट्यांवर अवलंबून असल्यामुळे, फिनॉलची मागणी वाढली म्हणून डांबर वाढवता येत नसे. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि फिनॉलपासून होणाऱ्या पिक्रिक आम्लाच्या स्फोटकांनी सारा माल गिळून टाकला. ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी फिनॉल लागणाऱ्या थॉमस एडिसनला तेव्हा नाइलाजाने बेंझीनपासून फिनॉल बनवण्याचा स्वतःचा कारखाना काढावा लागला. ती रीत गंधकाम्लाची होती, त्रासाची आणि खर्चाची. युद्ध संपल्यावर फिनॉलचा भाव कोसळला खरा, पण बेकलाइट आणि रेडिओ यांचे युग उजाडत होते, आणि स्वस्त फिनॉल जो बनवील त्याच्या हाती एक मोठा व्यापार येणार हे जाणत्यांना दिसत होते.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात मिडलंड नावाचे एक गाव आहे. तेथे जमिनीखाली खारे पाणी आहे, आणि त्या पाण्यातला ब्रोमीन काढण्यासाठी १८९० साली हर्बर्ट डाऊ नावाचा तरुण तेथे येऊन राहिला. ब्रोमीन काढून झाल्यावर उरलेल्या मिठाच्या पाण्यात त्याने वीज सोडली. त्यातून एका बाजूला क्लोरीन आणि दुसऱ्या बाजूला कॉस्टिक सोडा मिळू लागला, आणि १८९७ साली त्याने जी कंपनी उभारली तिने या क्लोरीनपासून प्रथम विरंजक चूर्ण बनवले. महायुद्धात जर्मन नीळ बंद झाली तेव्हा अमेरिकेत कृत्रिम नीळ तयार करणाराही हाच कारखाना. क्लोरीन आणि कॉस्टिक एकाच मिठातून जोडीने निघतात. म्हणजे ज्याला एकाचा ग्राहक मिळतो त्याला दुसऱ्याचाही शोधावा लागतो. डाऊचा जावई विल्यम हेल आणि त्याचा तरुण सहकारी एडगर ब्रिटन यांनी १९२०च्या दशकात जी फिनॉलची रीत बसवली, तिने हे दोन्ही ग्राहक एकाच छपराखाली आणले.

कॉस्टिकने क्लोरोबेंझीन फोडण्याचा प्रयोग जर्मनीत मायर आणि बर्गियुस यांनी १९१४ सालीच प्रसिद्ध केला होता. पण पोलादाच्या बंद भांड्यातील प्रयोग आणि दररोजच्या उत्पादनाचा कारखाना यांत जे अंतर असते ते मिडलंडच्या माणसांनी तोडले. त्यांनी कॉस्टिकचा पातळ द्राव आणि क्लोरोबेंझीन यांचे मिश्रण पोलादी नळीतून अखंड वाहते ठेवले, सुमारे ३५० ते ३७० अंश सेल्सियसपर्यंत तापवले, आणि एवढ्या तापमानालाही पाणी पाणीच राहावे म्हणून हवेच्या दाबाच्या सुमारे तीनशे पट दाब त्यावर ठेवला. एवढ्या प्रखर उपायापुढे क्लोरीनचा हट्ट मोडला. या रीतीचा जमाखर्च मला नेहमी मोठा देखणा वाटत आला आहे. मिठाच्या दोन भागांतून विजेने क्लोरीनचा एक रेणू आणि कॉस्टिकचे दोन भाग मिळतात. क्लोरीनचा निम्मा अंश बेंझीनवर बसतो आणि निम्मा हायड्रोक्लोरिक आम्ल होऊन बाहेर पडतो. नळीत कॉस्टिकचे दोन्ही भाग खर्ची पडतात, एक क्लोरीनला हुसकून मिठाचा एक भाग परत देण्यात आणि दुसरा सोडियमचे फिनॉलेट बांधण्यात. आणि शेवटी बाजूला ठेवलेले ते हायड्रोक्लोरिक आम्ल फिनॉलेटवर ओतले की फिनॉल मोकळे होते आणि मिठाचा दुसरा भागही परत येतो. मीठ दोन भाग गेले, दोन भाग आले. वहीच्या दोन्ही बाजू जुळल्या, आणि बेंझीनचे फिनॉल झाले.

प्रत्यक्षात वही इतकी स्वच्छ नव्हती. तयार झालेले फिनॉलेट न फुटलेल्या क्लोरोबेंझीनवर जाऊन पडे आणि त्यापासून डायफेनिल ईथर नावाचा एक नको असलेला पदार्थ निघे. हेल आणि ब्रिटन यांच्या लक्षात आले की ही क्रिया उलटही फिरते, तेव्हा आरंभीच मिश्रणात पुरेसे ईथर घालून ठेवले तर नवे ईथर होण्याचे कारण उरत नाही. आणि तरीही जे ईथर हाती राही, ते फार मोठ्या उष्णतेला न फुटणारे असल्यामुळे, बायफेनिलमध्ये मिसळून कारखान्यांतील उष्णता एका भांड्यातून दुसऱ्याकडे वाहून नेणारे तेल म्हणून विकले जाऊ लागले. ज्यांनी कारखान्यात काम केले आहे त्यांना 'डाऊथर्म' हे नाव परिचयाचे असेल. फिनॉलच्या रीतीतील एका उपद्रवातून ते जन्मले आहे. पुढे जर्मनीत राशिग याने वाफेचा उपयोग करून क्लोरोबेंझीनपासूनच फिनॉल काढण्याची दुसरी रीत बसवली, आणि १९५०च्या दशकात क्युमीनची रीत आल्यावर या दोघीही हळूहळू मागे पडल्या.

या नळीत नेमके काय घडत होते, हे मात्र ती चालवणाऱ्या माणसांना तीस वर्षे कळले नव्हते. क्लोरीनच्या जागी दुसरा गट आणताना कधीकधी एक चमत्कारिक गोष्ट दिसे: नवा गट क्लोरीनच्या रिकाम्या जागी न बसता शेजारच्या जागी जाऊन बसे. क्लोरोटोल्युइनसारख्या संयुगात, जेथे वलयावर एक खूण आधीच कोरलेली असते, तेथे हे स्थलांतर स्पष्ट दिसे. साध्या क्लोरोबेंझीनमधला क्लोरीन गेल्यावर वलयाच्या सहाही जागा सारख्याच असल्याने तेथे ते दिसण्याचा मार्गच नव्हता. १९४२ साली गेओर्ग विटिग याने एका अल्पायुषी मधल्या अवस्थेची कल्पना मांडली, आणि १९५३ साली जॉन रॉबर्ट्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिचा पुरावा दिला. त्यांनी क्लोरीन धारण करणाऱ्या कार्बनच्या जागी किरणोत्सर्गी कार्बन-१४ बसवलेले क्लोरोबेंझीन घेतले, द्रवरूप अमोनियात पोटॅशियम अमाइडशी त्याची क्रिया घडवली, आणि तयार झालेल्या अ‍ॅनिलीनमध्ये अमिनो गट कोठे आहे ते पाहिले. तो जवळजवळ निम्म्या रेणूंत खुणेच्या कार्बनवर आणि निम्म्यांत त्याच्या शेजाऱ्यावर सापडला. याचा अर्थ क्लोरीन एकटा गेला नव्हता. शेजारच्या हायड्रोजनला सोबत घेऊन गेला होता, आणि मागे क्षणभर दोन सारख्या जागा असलेले, ताणाने वाकलेले एक वलय उरले होते. त्याला बेंझाइन म्हणतात. चारच वर्षांनी रॉबर्ट्स आणि बोत्तिनी यांनी तीच खुणेची युक्ती कॉस्टिकच्या उष्ण मिश्रणावर लावली आणि मिडलंडच्या नळीसारख्या परिस्थितीतही क्लोरीन बहुतांशी याच वाटेने जातो हे दाखवून दिले. हजारो टन फिनॉल ज्या अवस्थेतून पार पडले तिला नाव मिळाले ते असे मागाहून.

फितुरीची गोष्ट याहून जुनी आणि, माझ्या मते, याहून सुंदर आहे. क्लोरीनच्या समोरच्या जागी एक नायट्रो गट बसवला तर ३५० अंशांचे काम १६० अंशांच्या आसपास होते. दोन नायट्रो गट योग्य जागी असले तर सोड्याच्या पाण्यात उकळणे पुरे होते. आणि तीन असले तर क्लोरीन कोमट पाण्यालाही वश होतो. नायट्रो गट वलयातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, क्लोरीन धारण करणारा कार्बन इलेक्ट्रॉनांना भुकेला होतो, आणि समोरून आलेल्या आक्रमकाला दार उघडतो. या जाणिवेवर एक प्रचंड रंगधंदा उभा राहिला. जर्मनीत १८९९ साली डायनायट्रोक्लोरोबेंझीनमधला क्लोरीन काढून, उरलेल्या द्रव्याला गंधक आणि सोडियम सल्फाइड यांत उकळून, सल्फर ब्लॅक नावाचा काळा रंग काढण्यात आला. सुती कापडावर तो इतका पक्का आणि इतका स्वस्त बसे, की छत्र्यांच्या कापडापासून गणवेशापर्यंत जेथे जेथे साधा काळा रंग लागे तेथे तेथे तो जाऊन पोचला.

हे दार कसे उघडते याचे उत्तर १९०२ साली याकोब मायझेनहायमर याने एका तांबड्या पदार्थाच्या रूपाने दिले. तीन नायट्रो गट असलेल्या वलयांपैकी एका प्रयोगात त्याने आधीच मेथॉक्सी गट असलेले घेऊन एथॉक्साइड टाकले, दुसऱ्यात एथॉक्सी गट असलेले घेऊन मेथॉक्साइड टाकले, आणि दोन्ही वेळा एकच तांबडा क्षार हाती आला. म्हणजे येणारा गट जाणाऱ्याला एकदम ढकलीत नाही. दोघेही काही काळ एकाच कार्बनवर एकत्र नांदतात, वलयाचा भार नायट्रो गट सांभाळतात, आणि मग दोघांपैकी एक निघून जातो. शाळेतल्या तक्त्यावर बाणांनी दाखवलेली यंत्रणा आज आपण सहज गिरवतो, पण बाणांची ती भाषा जन्मण्यापूर्वी केवळ दोन बाटल्यांतील रंग सारखा आहे एवढ्या साक्षीवरून हा निर्णय घेणाऱ्या माणसाच्या बुद्धीपुढे मान लवते.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा लाभ रंगाला झाला नाही, प्रथिनांच्या अभ्यासाला झाला. केंब्रिजमध्ये फ्रेडरिक सँगर याने १९४५ साली क्लोरीनऐवजी फ्लुओरीन असलेले डायनायट्रोफ्लुओरोबेंझीन निवडले. साध्या संयुगांत सर्व हॅलोजनांपैकी न सुटणारा म्हणून फ्लुओरीनची ख्याती. परंतु जेथे आक्रमकाचे येणे हीच मंद पायरी आहे आणि जाणाऱ्याचे जाणे सोपे आहे, तेथे कार्बनला सर्वाधिक भुकेला करणारा फ्लुओरीनच सर्वांत चपळ ठरतो. त्यामुळे प्रथिनाला न उकळता, सौम्य परिस्थितीत, त्याच्या साखळीच्या टोकाच्या अमिनो गटावर हे पिवळे चिन्ह चिकटवता येई, आणि मग साखळी तोडून पिवळा तुकडा कोणता ते ओळखता येई. अशी एकेक कडी ओळखत सँगरने १९५५ पर्यंत इन्सुलिनची संपूर्ण रचना मांडली, आणि १९५८ साली त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. आयोडीन आणि ब्रोमीन यांची कथा त्यानंतर पॅलेडियम धातूच्या साहाय्याने पुढे गेली. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना त्या कामाबद्दल २०१० साली पारितोषिक मिळाले, आणि रक्तदाबाच्या कित्येक गोळ्यांतील दोन वलयांचा सांधा आज त्याच रीतीने जोडला जातो.

आता पुन्हा भिंतीकडे. १८७४ साली स्ट्रासबुर्ग येथे आडोल्फ बायर याच्या हाताखाली ओथमार झायडलर नावाच्या विद्यार्थ्याने क्लोरल आणि क्लोरोबेंझीन गंधकाम्लात एकत्र करून एक पांढरा स्फटिक मिळवला, त्याची रचना नोंदली, आणि तो विषय तेथेच संपला. पासष्ट वर्षांनी, १९३९च्या सप्टेंबरात, बाझेल येथील गायगी कंपनीत पाउल म्युलर याच्या काचेच्या पेटीतल्या माशा त्या स्फटिकाच्या स्पर्शाने मरू लागल्या. पेटी कितीही पुसून काढली तरी पुढच्या माशाही मरत. म्युलर १९३५ पासून शेकडो द्रव्ये तपासत होता, आणि त्याच्या मनात असलेल्या कसोट्यांत टिकाऊपण ही एक मुख्य होती. १९४३-४४च्या हिवाळ्यात नेपल्स शहरात दहा लाखांहून अधिक माणसांच्या अंगावर ही पूड भुरभुरून उवांपासून पसरणारा टायफस ज्वर आटोक्यात आणला गेला, आणि १९४८ साली म्युलरला वैद्यकाचे नोबेल मिळाले.

मुंबई इलाख्यात हे औषध लवकर आले. १९४६ साली डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी उत्तर कानडा आणि धारवाड या जिल्ह्यांत, जेथे हिवतापाने गावेच्या गावे ओस पडत आली होती, घरांच्या भिंतींवर डी.डी.टी.ची फवारणी केली; त्या कामाचे यश पुढे देशव्यापी योजनेच्या आधारांपैकी एक ठरले. १९५३ साली राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी माणसांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९५४ साली हिंदुस्थान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, दिल्लीत डी.डी.टी.चा कारखाना निघाला, आणि पुढे पाताळगंगेच्या काठी रसायनी येथेही तो माल बनू लागला. १९६५ साली रुग्णांची नोंद एक लाखाच्या आसपास उतरली. माझ्या पिढीने या औषधाविषयी मागाहून जे काही वाचले त्याच्या भरात ही संख्या विसरू नये असे मला कळकळीने वाटते. त्या गेरूच्या तारखांच्या मागे जिवंत राहिलेली लेकरे आहेत.

परंतु १९७६ साली तीच नोंद चौसष्ट लाखांवर गेली. फवारणीतील ढिलाई हे कारण होतेच, पण डासही बदलले होते, डी.डी.टी.ला दाद देईनासे झाले होते. इटली आणि स्वीडन येथील घरमाश्यांमध्ये हे दुसरे महायुद्ध संपल्यावर लगेचच दिसून आले होते, आणि त्यामागचे रसायन मोठे शिकवणारे आहे. प्रतिकार करणारी माशी आपल्या शरीरातील एका विकराने डी.डी.टी.च्या त्या तीन क्लोरीनच्या घोसातील एकच क्लोरीन, शेजारच्या हायड्रोजनसह, काढून टाकते. उरतो तो डी.डी.ई. तिला अपाय करीत नाही. वलयांवरच्या दोन क्लोरीनांना ती हातही लावीत नाही, कारण तेथे हात लावण्यासारखे तिच्यापाशी काही नाही. मनुष्याच्या, पक्ष्याच्या, माशाच्या शरीरातही बहुतांशी हेच घडते. मऊ टोकाचा क्लोरीन निघून जातो आणि दोन्ही वलये आपापला क्लोरीन सांभाळून चरबीत जाऊन बसतात. रेचल कार्सनने १९६२ साली ज्याकडे जगाचे लक्ष वेधले, १९६०च्या दशकात अंटार्क्टिकातील पेंग्विनांच्या शरीरातही जे सापडले, आणि १९६७ साली डेरेक रॅटक्लिफ याने ब्रिटनमधील बहिरी ससाण्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होत असल्याचे दाखवले तेव्हा ज्याच्याकडे बोट गेले, ते हे द्रव्य. भिंतीवर जे महिने टिकावे म्हणून निवडले, ते अन्नसाखळीत वर्षानुवर्षे टिकले. आपल्या शेतीत डी.डी.टी.चा वापर १९८९ साली बंद झाला.

मातीत मात्र या हट्टावर उपाय शोधणारे जीव आहेत. डी.डी.टी. आणि तत्सम द्रव्ये मोडता मोडता काही जंतूंच्या हाती पॅरा-क्लोरोबेंझॉइक आम्ल येते; त्यात एकच वलय, त्यावर एकच क्लोरीन, आणि समोरच्या टोकाला आम्लाचा गट. अशा आम्लावर जगणारे जंतू मातीतून वेगळे काढून त्यांच्या विकरांचा अभ्यास गेल्या शतकाच्या अखेरीस झाला, आणि त्यांची रीत पाहून रसायनज्ञाला जुन्या ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटावे. जंतू क्लोरीनला प्रथम स्पर्शही करीत नाही. तो आपल्या शक्तीचा काही साठा खर्चून समोरच्या आम्लगटाला कोएन्झाइम-ए जोडतो, आणि त्यामुळे तो गट नायट्रोसारखा वलयातील इलेक्ट्रॉन ओढू लागतो. मग विकरातील अ‍ॅस्पार्टिक आम्लाचा एक अंश क्लोरीनच्या कार्बनवर येऊन बसतो. क्षणभर येणारा आणि जाणारा एकाच कार्बनवर नांदतात, मायझेनहायमरच्या तांबड्या क्षारातल्यासारखे. नंतर क्लोरीन सुटतो, पाण्याचा रेणू अ‍ॅस्पार्टिक आम्लाला मोकळे करतो, आणि क्लोरीनच्या जागी फिनॉलचा हायड्रॉक्सिल गट उरतो. मिडलंडच्या पोलादी नळीत ३५० अंशांवर आणि तीनशे पट दाबाखाली जे साधत होते, ते हा जंतू पावसाळ्यातल्या ओल्या मातीत, मातीच्याच तापमानाला, साधतो.